सुनेचं रक्त अन् माहा तीन रंगाचा भात

पोंभुर्ण्याच्या आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत माह्या हातचं जेवून कोणी उपाशी उठला, असा एक माणूस दाखवून द्या. दोन गावांत तर लोकं असे उठले, का हात न धुताच लोटे घेऊन वावराकडे पळाले.

मी आचारी आहो. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी, जे असन ते. शाळेत मी एकच दिवस गेलो, तोबी तिथी सुकडी वाटून राह्यले होते म्हून. सुकडी संपली, माहं शिक्षण संपलं. त्याच्यामुळे माहं सारं माप हाताचं. शंभर माणसाले किती तांदूळ, किती वांगे, किती मिरची, सारं बोटावर. तेलाचं माप तर एकदम सोपं. गंजात, म्हणजे भाजीच्या पातेल्यात, वाकून पाहाचं, तर्रीत आपला चेहरा दिसला का समजाचं भाजी झाली.

तर अशा माणसाच्या घरी, त्याच्या सुनेच्या अंगात रक्त नाई, असं आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगतलं.

आमच्या घरी तेव्हा तीनच माणसं. मी, माही बायको अन् सून. पोरगा ऊर्जानगरले ठेकेदाराकडे कामाले हाये, शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलनं येते अन् सोमवारी पाहाटे जाते. सून मूल गावाकडची. दोन वर्षं झाले होते लग्नाले, पण माह्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर अन् तोंडातला शब्द, दोन्ही जागचे हलत नवते. मले ती मामाजी म्हणते, हेबी मले बायकोकडून समजलं.

तिले चौथा महिना होता. आखाड लागला होता. सिस्टरनं बोटाले टोचलं, मशिनीत पाह्यलं अन् म्हणे, "आठच हाये."

मी म्हटलं, "आठ म्हणजे चांगलं का खराब?"

"भाऊ, अकराच्या वर पाह्यजे. असंच राह्यलं तर डिलिवरी पोंभुर्ण्याले करता येणार नाई. चंद्रपूरले न्यावं लागन, रक्ताची बाटली तयार ठेवून. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर पोरीलेबी धोका, लेकरालेबी."

सून आपल्या पायाकडे पाहून राह्यली होती. घरी येता येता बायकोनं मले हळूच सांगतलं, का सुनेच्या मोठ्या बहिणीले असंच बाळंतपणात चंद्रपूरले पळवलं होतं. बहीण वाचली, पण तेव्हापासून रस्त्यानं ॲम्बुलन्सचा आवाज आला, का ही घरात जाऊन बसते.

मी मात्र सिस्टरले तिथीच छाती फुगवून सांगून आलो होतो, "सिस्टर, आचाऱ्याच्या घरची सून हाये. एक महिना द्या मले."

सिस्टर म्हणे, "आचाऱ्याच्या घरची हाये, म्हूनच भेव वाटते."

मंग काय, मी लागलो कामाले. पहिल्या दिवशी मटनाची तर्री केली. वासानंच सुनेनं नाकाले पदर लावला अन् मोरीकडे पळाली. तर्री वाया जाऊ नये म्हून मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बुंदी पाडली. तिनं दोन दाणे उचलले. बाकीची वाया जाऊ नये म्हून मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "अवो, पोटात लेकरू कोणाच्या हाये? तिच्या का तुमच्या?"

त्याच आठवड्यात सिस्टरनं अंगणवाडीत सर्वाईले बोलावलं. लहान लेकरं असलेल्या बाया, पोरी, म्हातारे-म्हाताऱ्या, सारे. कोणत्या वयात काय खावं ते सांगणार होती. लेकरू सहा महिन्याचं झालं का त्याले आईच्या दुधासंगं घट्ट खिचडी, मऊ भात-वरण द्या, नुसतं वरणाचं पाणी पाजून ठेवू नोका. पोरी वयात आल्या का त्याईले डाळ, भाजी, अंडं जास्त पाह्यजे. म्हाताऱ्याले दात नसन तर भाजी शिजवून कुस्करून द्या, पण द्या, नुसत्या पेजेवर ठेवू नोका. अन् सर्वाईनं तेल, मीठ, साखर कमी करा. हे ऐकून मी बोटावर हिशेब केला. तेल, मीठ अन् साखर काढली तर माह्या धंद्यात उरते काय? पाणी अन् चूल.

शेवटी ती म्हणे, "ताटात तीन रंग पाह्यजे. केशरी, पांढरा अन् हिरवा. मंगळवारी ज्याले जमन त्यानं घरून असं ताट करून आणा, आपण पाहू."

मी मनात म्हटलं, हे तर आपलं काम. मंगळवारी सर्वात मोठं ताट माहं. त्यावर तीन पट्ट्यात भात. एक केशरी, एक पांढरा, एक हिरवा. मधोमध बडीशेपेचं गोल चक्र. लोकं उठून पाहाले लागले. पोट्ट्याईनं तर चाखालेबी सुरू केलं. मी हात बांधून उभा, नवरदेवासारखा.

सिस्टर आली. वाकून पाह्यलं.

"भाऊ, हा हिरवा कशाचा?"

"पुडीचा."

"कोणती पुडी?"

"लग्नात बर्फीत टाकतो ती."

"अन् केशरी?"

"जिलबीचा रंग हाये. पक्का हाये, सुटत नाई."

"अन् पांढरा?"

"तो भातच हाये. त्याले कायी केलं नाई."

"मंग तेवढाच खरा हाये," सिस्टर म्हणे.

सारी अंगणवाडी हासली. एका म्हाताऱ्यानं हासाले तोंड उघडलं तर त्याची जीभ हिरवीगार. तो बिचारा चाखून बसला होता. पोट्ट्याईच्या जिभा दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच होत्या, अन् रस्त्यानं चाललो का ते मले जीभ काढून दाखवत.

सिस्टरनं मंग मले बाजूले घेऊन समजावलं. हिरवा म्हणजे पालेभाजी. केशरी म्हणजे लाल कोहळं, गाजर, पपई. पांढरा म्हणजे भात, दूध, अंडं. अन् डाळ तर रोजच. मंग म्हणे, "तुमच्या गावाच्या चारी बाजूनं जंगल हाये, भाऊ. अन् तुमी हिरवा रंग दुकानातून आणता?"

हे मले लागलं. कारण भाजी मले दिसते. अक्षर दिसत नाई, पण भाजी बांधावरून दिसते. दुसऱ्या दिवशीपासून मी दुपट्टा खांद्यावर टाकून सकाळीच निघालो. तीन-चार पाऊस झाले का आमच्याकडे तरोटा कुठीबी उगवते, त्याची कोवळी पानं खुडून आणली. कुरडूची भाजी आणली. परसात मुंगणा हाये, पुण्याकडे त्याले शेवगा म्हणतात म्हणे, त्याचा पाला ओरबाडला. घरी सात कोंबड्या होत्या, त्याईचे अंडे बाजारात नेणं बंद केलं. जवसाची चटणी, मुगाची डाळ, लाल कोहळं. अन् सारं कमी तेलात. कढईत वाकून पाह्यलं तर चेहराच दिसत नवता. मले किती दिवस भाजी झाली का नाई हेच समजून नाई राह्यलं.

एक महिना असा गेला. मी गावभर सांगत फिरलो, का सुनेले मी जंगल चारून राह्यलो. बायको म्हणे, "चारून राह्यलो काय म्हणता, ती का बकरी हाये?" पण मी खुशीत होतो. महिना झाल्यावर सिस्टरनं पुन्हा बोटाले टोचलं.

आठ.

 सुनेनं टोचलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं अन् दारातून बाहेर, रस्त्याकडे पाह्यलं. आता मले माहीत होतं का ती रस्त्याकडे काऊन पाहाते.

सिस्टरनं विचारलं, "रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या?"

बायकोनं रिकाम्या पट्ट्या काढून दाखवल्या. एकबी गोळी उरली नवती.

"कशासंगं घेत होती?"

हे मले माहीत होतं. मी म्हटलं, "चहासंगं! मी स्वतः कडक चहा करून देत होतो रोज. गोळी कडू लागू नये म्हून."

सिस्टरनं कपाळाले हात लावला. "भाऊ, चहासंगं घेतलं का गोळीतलं लोह अंगाले लागत नाई. चहा गोळीच्या अन् जेवणाच्या दूर पाह्यजे, घंटा-दोन घंटे. गोळी लिंबूपाण्यासंगं द्या. अन् भाजीवरबी लिंबू पिळा."

मी म्हटलं, "चहा बंद." मले वाटलं, सापडला चोर. पण सिस्टर अजून विचारात होती. "चहा तर हायेच," ती म्हणे, "पण एवढी भाजी, एवढे अंडे, अन् पोरीचं वजनबी हललं नाई. मी एक दिवस घरी येऊन पाहीन."

एका दुपारी ती न सांगता आली. मी नुकताच जेवून छपरीत बाजेवर पडलो होतो. बायको अन् सून आत जेवाले बसणार होत्या. सिस्टरनं त्याईले तसंच थांबवलं अन् विचारलं, "आज काय काय केलं घरात?"

मी आतून-बाहेरून फुलून गेलो. बोटं मोजत सांगतलं, "मुगाची डाळ घालून तरोट्याची भाजी. चार अंड्याचा रस्सा. वरण. भात. जवसाची चटणी. वरतून लिंबू."

"वा! असं पाह्यजे. कालबी असंच होतं?"

"रोजच असते."

"पोरी," सिस्टर सुनेले म्हणे, "काल तुया ताटात यातलं काय काय होतं?"

सून खांबाकडे पाहून म्हणे, "भात."

"अन्?"

"भाजीचं पाणी."

"अंडं?"

 बायकोच म्हणे, "अर्धं उरलं होतं. तेबी हिनं माह्या ताटात टाकलं."

सिस्टर माह्याकडे वळली. "भाऊ, चारातले साडेतीन अंडे कुठी गेले?"

आता काय सांगू? पहिलं अंडं मीठ पाहाले खाल्लं. दुसरं, पहिल्यानं मीठ बरोबर सांगतलं का नाई ते पाहाले. दीड जेवताना, ताटात. भाजी तर मी कढईतच तीनदा चाखतो, आचारी चाखल्याशिवाय चूल विझवत नाई. मंग जेवाले बसलो का एकदा वाढलेलं, अन् मंग "आण, अजून थोडी वाढ" म्हणून दुसऱ्यांदा. आमच्याकडे पहिल्यापासून हेच हाये. माणसं आधी जेवतात, बाया मंग गंज जवळ घेऊन बसतात. माही माय तशीच जेवली. माणसं उठल्यावर गंजात किती उरते, हे मी जन्मात कधी वाकून पाह्यलं नवतं. मी गंजात वाकून फक्त तेलातला माहा चेहरा पाह्यला.

अन् उन्हाळाभर मी लग्नाईच्या मांग बाहेर राहतो, घरचा गंज घरच्याईले पुरते. पावसाळ्यात लग्न नाई, तेरवी कमी, मी घरी. म्हणजे पोरीले दोन जीवाचं खाणं लागाले लागलं अन् मी घरी येऊन बसलो, दोन्ही एकाच टायमाले झालं.

मी उठलो, आत गेलो अन् गंजात वाकून पाह्यलं. तळ चमकून राह्यला होता. राखेनं घासूनबी एवढा साफ गंज मी कधी केला नवता.

तेव्हा बायको बोलली. लय शांत आवाजात बोलली, म्हून मले जास्त भेव वाटलं.

"अवो, लोकाच्या लग्नात तुमी सैपाक करता, तर गंजातली पहिली पळी कोणाची राहते?"

हे साऱ्या जगाले माहीत हाये. पहिली पंगत बसाच्या आधी आचारी आपला वाटा एका डब्यात काढून चुलीमांग झाकून ठेवते. यजमान कायी म्हणत नाई, तो आचाऱ्याचा हक्क हाये.

मी म्हटलं, "माही राहते."

"काऊन?"

"काऊन का आचाऱ्याले सर्वाईच्या शेवटी जेवाचं राहते. तोपर्यंत कायी उरत नाई."

"अन् आपल्या घरी शेवटी कोण जेवते?"

मी सिस्टरकडे पाह्यलं. सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून राह्यली होती, जशी का तिले आजच समजून घ्याचं होतं का एकादशी कधी हाये.

त्याच दिवशी मी माहा लग्नातला डबा काढला. घासून सुनेच्या नावानं ठेवला. सैपाक झाला का पहिले तिचा वाटा त्यात. डाळ, भाजी, दोन अंडे, वरतून लिंबू. मी म्हटलं, झालं काम. पण चार दिवसानं बायकोनं सांगतलं, का मी जेवताना "अजून थोडी वाढ" म्हटलं, का पोरगी गुपचूप आपल्या डब्यातून काढून माह्या ताटात वाढते. सासऱ्याले नाई कसं म्हणाचं! अन् मी खाऊन राह्यलो होतो, वरतून म्हणत होतो, "आज भाजी मस्त झाली."

मंग बायकोनं दुसरा कायदा काढला. आधी त्या दोघी बसतीन. मी वाढीन. मी शेवटी.

वाढणं माहं कामच हाये, हजार लोकाईले वाढलं. पण सासरा पळी घेऊन उभा असताना सुनेच्या गळ्याखाली घास उतरंना. म्हून मी वाढून द्याचं अन् बाहेर छपरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसाचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी शेजारचा भाऊ सायकल हातात धरून चालला होता. थांबला.

"काऊन गा, घरातनं काढलं का?"

"नाई. आत जेवण सुरू हाये."

"मंग तू बाहेर काऊन?"

"माही पंगत दुसरी हाये."

तो एवढा हासला का सायकल पडली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्या घरासमोरून जाणारे लोकं वाढले. कोणी विचारे, "भाऊ, पहिली पंगत उठली का?" कोणी म्हणे, "पत्रावळ आणून देऊ का?" मी साऱ्याईले सांगत होतो, का डॉक्टरनं हवा खायले सांगतलं हाये.

पण पहिल्या दिवशी मी आत गेलो तेव्हा गंजात काय होतं ते सांगतो. भात होता. वरण होतं. अन् भाजीचं पाणी. भाजीचं पाणी कसं लागते ते मले पन्नास वर्षात पहिल्यांदा समजलं. पाण्यासारखंच लागते. मी ते भातावर घेऊन जेवलो. मीठ चाखाले कायीच नवतं, म्हून चाखलं नाई.

हळूहळू बायकोच जास्त शिजवाले लागली, मलेबी भाजी मिळाले लागली. पण दुसऱ्यांदा मागाची सोय राह्यली नाई. दसऱ्यापर्यंत माह्या पँटले नाडी बांधाची पाळी आली. लोकं बायकोले विचारत, "भाऊले कायी मोठी बिमारी तर नाई ना?" सिस्टरनं एक दिवस माहाबी बीपी पाह्यला अन् म्हणे, "मागल्या वेळेपेक्षा उतरला हाये. तुमाले कोणी सांगतलं हे पथ्य?" मी म्हटलं, "दोन बाया हायेत, आधी जेवतात."

तिकडे सुनेचं बोट टोचणं सुरूच होतं. गोळी लिंबूपाण्यासंगं, चहा दूर, जेवण पहिल्या पंगतीत. आठाचे नऊ झाले. मंग साडेनऊ. तरोटा निबर झाला तर मी अंबाडी आणली, चवळीची पानं आणली, पुढं मेथी आली. आठव्या महिन्यात सिस्टरनं मशिनीत पाह्यलं, पुन्हा पाह्यलं अन् म्हणे, "अकरा. पोंभुर्ण्याले चालते आता. चंद्रपूरचं काम नाई."

सुनेनं पहिल्यांदा मान वर केली. हासली का रडली ते मले पदरामुळे दिसलं नाई, पण बायकोचं दोन्ही दिसलं.

थंडीत पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात नात झाली. मायबी चांगली, लेकरूबी चांगलं. पोरगा ऊर्जानगरवरून निघून पोचाच्या आधीच झाली, म्हणून तो अजूनबी मोटरसायकलले शिव्या देते. नात अशी रडली का बाहेर बसलेले सारे उठून उभे राह्यले. नर्स म्हणे, "आवाज कोणाचा आला हिले?" बायकोनं माह्याकडे बोट दाखवलं.

बारशाचा सैपाक अर्थातच माहा. सारं गाव जेवाले. सिस्टरलेबी बोलावलं होतं, म्हून तेल हात राखून टाकलं. पहिल्या पंगतीत बायाईले बसवलं. एक पाहुणा भाजी पाहून म्हणे, "भाऊ, तेलाचा डबा फुटला का?" मी म्हटलं, "खा, अन् घरी गेल्यावर लोटा शोधावा लागणार नाई."

जेवण झाल्यावर गावातल्या बाया पाळण्याभोवती जमल्या. एकीची सून पाचव्या महिन्यात होती. तिनं मले विचारलं, "भाऊ, तुमच्या सुनेले काय चारलं हो? आमच्या पोरीचंबी रक्त कमी निघालं."

मले तेच पाह्यजे होतं. मी कमरेचा टॉवेल खांद्यावर घेतला. सिस्टरबी ऐकून राह्यली होती. मी सुरू केलं, "हे पाहा बाई, तरोटा मी आणला. मुंगणा मी तोडला. अंडे माह्या कोंबड्याईचे. लिंबू माह्या हातानं पिळलं. औषध-गोळ्या सिस्टरच्या, ते मी नाई म्हणत नाई. पण तसं पाह्यलं तर या पोरीचं रक्त जे वाढलं ते..."

सून बाजेवर नातीले मांडीवर घेऊन बसली होती. पदर खांद्यावर आला होता अन् तिनं तो वर घेतला नाई. अडीच वर्षात पहिल्यांदा ती सरळ माह्याकडे पाहून बोलली, अन् साऱ्या बायाईसमोर बोलली.

"मामाजी, तरोटा तर तुमी आखाडातबी आणत होते, तेव्हा आठच होतं. तुमी दुसऱ्यांदा वाढून घ्याचं सोडलं, तेव्हा वाढलं."